अर्धी जमीन गेली कुठे?



मी इंदूरची. घरात मराठी, शेजारी हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत माझा दिवस जातो. त्यामुळे बोलताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर सांभाळून घ्या. गेली बावीस वर्षं मी नववी-दहावीला गणित शिकवते. आजचा विषयही गणिताचाच आहे, दहावीतलं एक प्रमेय. पण सुरुवात आमच्या घरातल्या एका भांडणापासून करते, कारण ते प्रमेय मला शाळेत कळलं नाही, त्या भांडणात कळलं.

माझे बाबा बँकेत होते, म्हणून आम्ही इंदूरला. शेती मात्र खानदेशात, जळगाव जिल्ह्यात. वडिलोपार्जित. सातबाऱ्यावर बाबांचं आणि मोठ्या काकांचं, दोघांचं नाव. क्षेत्र चार हेक्टर, म्हणजे जुन्या हिशेबात दहा एकराला पाच गुंठे कमी. शेत काका बघायचे. बाबा वर्षातून दोनदा जायचे, बाकी सगळा कारभार पोस्टकार्डावर.

मी नववीत असताना काकांनी शेतात पाइपलाइन टाकायचं ठरवलं. त्यासाठी एका मोजणी करणाऱ्याकडून शेताचा नकाशा काढून घेतला. चांगला मोठ्या कागदावर, १:१००० प्रमाणात. त्याची एक झेरॉक्स त्यांनी पाकिटात घालून बाबांना पाठवली. सोबत दोन ओळी: पाइप कुठून न्यायचा ते बघून कळव.

बाबा बँकेतले. आकडा दिसला की पडताळून बघायचा, ही त्यांची सवय. झेरॉक्स फिकट होती, बाजूंवर लिहिलेले आकडे वाचता येत नव्हते. पण खाली ‘प्रमाण १:१०००’ ही अक्षरं स्वच्छ उमटली होती. बाबांनी माझ्या कंपासपेटीतली मोजपट्टी घेतली. शेत जवळपास आयताकृती. लांबी भरली १७.७ सेंटीमीटर, रुंदी ११.३. प्रमाण १:१०००, म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर जमिनीवर १० मीटर. झालं, १७७ मीटर गुणिले ११३ मीटर. गुणाकार आला वीस हजार चौरस मीटर. दोन हेक्टर.

सातबाऱ्यावर चार हेक्टर. नकाशावर दोन.

बाबांनी तीन वेळा मोजलं. मग मोजपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, तू मोज. माझंही तेवढंच भरलं. त्याच सुमाराला कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं होतं, की बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याशी काकांची काहीतरी बोलणी चालली आहेत. दोन आणि दोन चार झाले. बाबांनी काकांना पत्र लिहिलं. ते मी वाचलेलं नाही, पण त्यात काय असेल याची कल्पना तुम्हीही करू शकता. काकांचं उत्तर आलं नाही.

सात महिने दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मधे माझ्या ताईचा साखरपुडा झाला. काका आले नाहीत. काकूंनी कुणाच्या तरी हाती साडी आणि नारळ पाठवला. तो नारळ आईने देवापुढे ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.

मग आजी आजारी पडली, म्हणून आम्ही गावी गेलो. दुसऱ्या दिवशी काकांनी माळ्यावरून कागदाची सुरळी काढली, ओसरीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि मोजपट्टी बाबांच्या हातात दिली. एक शब्द बोलले नाहीत. बाबांनी मोजलं. लांबी २५ सेंटीमीटर, रुंदी १६. म्हणजे २५० मीटर गुणिले १६० मीटर. चाळीस हजार चौरस मीटर. बरोबर चार हेक्टर.

आता मला सांगा, चूक कुणाची?

मोजपट्टी बरोबर होती. बाबांचा गुणाकार बरोबर होता. मूळ नकाशा बरोबर होता. झेरॉक्सवाल्याने तर मदतच केली होती. पाकिटात मावावा म्हणून काकांनी कागद लहान करून मागितला, त्याने मोठा ए-३ कागद लहान ए-४ वर उतरवून दिला. यंत्रावर त्यासाठी आकडा असतो ७१. म्हणजे मूळ लांबीच्या ७१ टक्के. सगळी गडबड त्या ७१ ची.

इथे मी वर्गात मुलांना थांबवते, तसं तुम्हालाही थांबवते. नकाशा ७१ टक्के झाला. म्हणजे प्रत्येक रेघ २९ टक्क्यांनी कमी झाली. मग क्षेत्रफळ किती कमी झालं? बहुतेकांच्या मनात पहिलं उत्तर येतं २९ टक्के. आणि २९ टक्क्यांचा घोळ असता, तर बाबांना शंका आली असती, की बाबा रे, कागदाचंच काही असेल. पण इथे नेमकं अर्धं आलं. शेतातला एक हिस्सा कापून विकला तर जे उरेल, नेमकं तेवढं. म्हणून संशय कागदावर गेला नाही, माणसावर गेला.

आता ०.७१ ला ०.७१ ने गुणा. उत्तर ०.५०४. अर्धं. लांबीही ७१ टक्के झाली आणि रुंदीही ७१ टक्के झाली. क्षेत्रफळ दोघांच्या गुणाकारातून येतं, म्हणून घट दोनदा लागली. गणिताच्या भाषेत सांगायचं तर: दोन आकृती समरूप असतील, म्हणजे आकार तोच आणि माप वेगळं, तर त्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर हे संगत बाजूंच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढं असतं. बाजू दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. बाजू तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट. बाजू अर्धी, क्षेत्रफळ पाव.

आयताचं पटतं. लांबी गुणिले रुंदी, समोर दिसतं. पण आमच्या वर्गात एक मुलगी होती, ती म्हणाली, मॅडम, शेत काही नेहमी आयताकृती नसतं. नदीकाठचं शेत वेडंवाकडं असतं. तिथे लांबी कुठली आणि रुंदी कुठली? प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर दोन पायऱ्यांत देते.

पहिली पायरी त्रिकोणाची. घरी करून बघा. कागदाचा कसलाही त्रिकोण कापा. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू काढा आणि ते एकमेकांना जोडा. आत चार त्रिकोण तयार होतात. चौघांना कापून एकावर एक ठेवा, चारही तंतोतंत जुळतात. मधला जरा उलटा फिरवावा लागतो, एवढंच. प्रत्येक छोट्या त्रिकोणाची बाजू मोठ्याच्या निम्मी, आणि मोठ्यात असे छोटे किती? चार. सूत्र नाही, उंची नाही, पाया नाही. कात्रीनेच सिद्ध झालं.

दुसरी पायरी कुठल्याही आकाराची. पिंपळाचं एक पान घ्या, आलेख कागदावर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा. समजा ते पान ४० चौकटी व्यापतं. आता त्या पानाचं चित्र आणि खालचा आलेख कागद, दोन्ही एकत्र तिप्पट मोठे करा. नव्या चित्रात पान किती चौकटी व्यापेल? पुन्हा ४०च, कारण चौकटीही पानाबरोबर वाढल्या. पण आता प्रत्येक चौकट तीन बाय तीन झाली, म्हणजे तिच्यात जुन्या नऊ चौकटी मावतात. म्हणून पान नऊपट. कडेला अर्धवट कापलेल्या चौकटी राहतात, त्यांचं काय? चौकटी आणखी बारीक घ्या. कितीही बारीक घेतल्या तरी प्रत्येक चौकट नऊपटच होणार. म्हणजे पानाला लांबी-रुंदी विचारण्याची गरजच नाही. पिंपळाचं पान असो, नदीकाठचं शेत असो, नाहीतर भारताचा नकाशा असो, नियम एकच.

एक अट मात्र विसरू नका. आकृती समरूप हवी. आयताची फक्त लांबी दुप्पट केली आणि रुंदी तेवढीच ठेवली, तर क्षेत्रफळ दुप्पटच होतं, चौपट नाही. आणि तो आयत आता पहिल्यासारखा दिसतही नाही, लांबुडका झालेला असतो. सगळ्या दिशांनी सारखं वाढलं, तरच वर्गाचा नियम लागतो.

आता त्या ७१ कडे परत येऊ. हाच आकडा का? कारण आपण रोज वापरतो त्या ए-४ कागदात तो लपलेला आहे. ए-० नावाचा कागद असतो, त्याचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर धरलेलं आहे. तो मधोमध कापला की ए-१, तो कापला की ए-२, मग ए-३, मग ए-४. प्रत्येक वेळी क्षेत्रफळ निम्मं. गंमत पुढे आहे. प्रत्येक अर्धा कागद मूळ कागदाशी समरूप असतो. जुना फुलस्केप कागद मधोमध दुमडून बघा, अर्धा भाग जास्त चौकोनी दिसतो. ए-४ दुमडला की त्याचंच पिल्लू मिळतं. असं व्हायचं असेल तर लांबी आणि रुंदी यांचं गुणोत्तर २ च्या वर्गमुळाएवढंच असावं लागतं, १.४१४. ए-४ ची मापं २१० आणि २९७ मिलिमीटर. करा भागाकार.

क्षेत्रफळ निम्मं हवं, तर बाजू निम्मी करायची नाही, १.४१४ ने भागायची. १ भागिले १.४१४ म्हणजे ०.७०७, आणि झेरॉक्सच्या यंत्रावर तेच ७१ टक्के होऊन बसतं. उलट दिशेने, ए-४ वरून ए-३ करायचं असेल तर १४१ टक्के. पुढच्या वेळी दुकानात गेलात की यंत्रावरचे हे दोन आकडे बघा.

हे सगळं कळल्यावर मी स्वतःला एक सवय लावली. कुणीही आकडा सांगितला की विचारायचं, हा आकडा बाजूचा की क्षेत्रफळाचा? कारण आपण मोजतो बाजू, आणि वापरतो क्षेत्रफळ. टीव्ही बघा. दुकानात सांगतात ३२ इंची आणि ४३ इंची. हे इंच कर्णाचे असतात. फरक अकरा इंचांचा, ऐकायला फार नाही. पण ४३ ला ३२ ने भागून वर्ग करा, १.८ येतं. पडदा जवळजवळ दुप्पट. पिझ्झाचं बघा. १२ इंची एक घ्यायचा, की ८ इंची दोन? आठ आणि आठ सोळा, म्हणून दोन बरे वाटतात. वर्ग करा. बाराचा वर्ग १४४. आठाचा वर्ग ६४, दोनदा घेतला तर १२८. एकच जास्त भरतो. आणि पिझ्झा नको असेल तर थालीपीठ घ्या. जाडी तीच ठेवून तवाभर दीडपट रुंद थापायचं, तर पीठ दीडपट नाही, सव्वादोनपट लागतं. माझ्या आजीला वर्ग करता येत नव्हता, पण पिठाचा गोळा ती बरोबर सव्वादोनपटच घ्यायची. हाताला माहीत होतं.

आपला राष्ट्रध्वजही याचंच उदाहरण आहे. ध्वजसंहितेत ध्वजाची नऊ मापं दिलेली आहेत आणि सगळ्यांत लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. म्हणजे नऊही ध्वज एकमेकांशी समरूप. ९०० बाय ६०० मिलिमीटरचा एक आहे, १८०० बाय १२०० चा एक. बाजू दुप्पट, कापड चौपट. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२००, सगळ्यात लहान १५० बाय १००. बाजूंचं गुणोत्तर ४२. कापडाचं? ४२ चा वर्ग, १,७६४. एका मोठ्या ध्वजाच्या कापडात टेबलावरचे सतराशेहून जास्त छोटे ध्वज.

शेताकडे परत येते, कारण तिथे या नियमाची दुसरी बाजू दिसते. क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, पण परिमिती साध्या पटीनेच वाढते. चार हेक्टरचं चौरस शेत घ्या. बाजू २०० मीटर, कुंपण ८०० मीटर. आता चार भावांत त्याची वाटणी झाली. प्रत्येकाला एक हेक्टर, बाजू १०० मीटर. क्षेत्रफळ पाव झालं, पण कुंपण पाव झालं नाही, निम्मंच झालं, ४०० मीटर. चौघांनी आपापलं कुंपण घातलं तर १६०० मीटर तार. जमीन तेवढीच, तार दुप्पट, बांध दुप्पट. शेतीचे तुकडे झाले की परवडत नाही, असं म्हातारी माणसं म्हणतात. त्याची कारणं पुष्कळ असतील, पण त्यातलं एक कारण शुद्ध भूमितीचं आहे.

हा विचार आपल्याकडे किती जुना आहे, तेही सांगते. यज्ञवेदी बांधण्यासाठी मापं सांगणारे जुने ग्रंथ आहेत, शुल्बसूत्रं. शुल्ब म्हणजे मोजण्याची दोरी. बौधायनाचं शुल्बसूत्र त्यांतलं प्रसिद्ध. इसवी सनाच्या कित्येक शतकं आधीचं. त्यात श्येनचिती आहे, पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची वेदी. पहिल्यांदा तिचं क्षेत्रफळ असायचं साडेसात चौरस पुरुष. पुरुष हे लांबीचं माप, हात वर करून उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीएवढं. पुढच्या वेळी वेदी बांधायची तर साडेआठ, मग साडेनऊ, असं करत थेट साडेएकशेएकपर्यंत. आणि अट अशी, की क्षेत्रफळ वाढलं तरी ससाण्याचा आकार बदलायचा नाही.

म्हणजे बघा, प्रश्न उलटा आहे. बाजू किती वाढवू म्हणजे क्षेत्रफळ नेमकं एवढंच वाढेल? साडेसातवरून साडेआठवर जायचं, तर प्रत्येक लांबी फक्त साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढवायची. आणि साडेएकशेएकला पोहोचायचं, तर क्षेत्रफळ साडेतेरापट, पण बाजू जेमतेम ३.७ पट. शुल्बसूत्रांची रीत मोठी सुंदर आहे. जेवढं क्षेत्रफळ वाढवायचं, त्याचे १५ समान भाग करा. मूळ वेदी साडेसात एककांची, म्हणून प्रत्येक एककाला दोन भाग द्या. आता जो नवा चौरस तयार होईल, त्याची बाजू हे नवं माप समजा, आणि त्या मापाने सगळी वेदी पुन्हा आखा. आकार आपोआप तोच राहतो. ही झाली मोजपट्टीच बदलण्याची युक्ती.

चौरसाचं क्षेत्रफळ दुप्पट करायचं असेल, तर त्याच्या कर्णावर नवा चौरस उभारा, हेही तिथे सांगितलेलं आहे. कर्णाला त्यांचं नाव द्विकरणी, दुप्पट करणारी. आणि बाजू १ असेल तर ती द्विकरणी किती? २ चं वर्गमूळ. १.४१४. वेदी आखणाऱ्याच्या दोरीत जो आकडा होता, तोच झेरॉक्सच्या यंत्रात बसला आहे. आमच्या ओसरीवर तोच आकडा दोन भावांच्या मधे येऊन उभा राहिला होता.

आता या प्रमेयाची कमाल दाखवते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल की मी याच्यासाठी एवढी का भांडते. एक काटकोन त्रिकोण कापा. काटकोनाच्या शिरोबिंदूपासून कर्णावर लंब टाका आणि त्या रेषेवर कापा. दोन छोटे त्रिकोण मिळाले. दोघांचे कोन तपासा. दोघेही मोठ्या त्रिकोणाशी समरूप. म्हणजे हातात तीन समरूप त्रिकोण आहेत: एक मोठा, दोन छोटे. मोठ्याचा कर्ण म्हणजे मूळ कर्ण. छोट्यांचे कर्ण कोणते? मूळ त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू.

तिघेही समरूप, म्हणून प्रत्येकाचं क्षेत्रफळ त्याच्या कर्णाच्या वर्गाच्या ठरावीक पटीत. ती पट तिघांना सारखीच. आणि दोन छोटे जोडले की मोठा होतो, हे तर आपण आत्ताच कापून बघितलं. म्हणजे एका बाजूचा वर्ग अधिक दुसऱ्या बाजूचा वर्ग बरोबर कर्णाचा वर्ग. पायथागोरस! एका कापात. आणि लक्षात घ्या, बाजूंवर चौरसच काढायला हवेत असं नाही. अर्धवर्तुळं काढा, ससाणे काढा. समरूप असले की झालं, दोन लहान मिळून मोठा भरणार. युक्लिडने हेही सिद्ध केलेलं आहे, त्याच्या सहाव्या पुस्तकात.

आता माझी तक्रार. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या भूमितीत पहिलाच धडा समरूपता, आणि त्यात क्षेत्रफळांचं हे प्रमेय आहे. पण तुमच्यातले अनेक जण माझ्यासारखे महाराष्ट्राबाहेर राहतात, मुलं केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत जातात. २०२२ साली अभ्यासक्रमाचा भार हलका करताना एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचा भाग वगळला गेला. त्याच्या पाठोपाठचा पायथागोरसचा भागही गेला. मुलांवर ओझं आहे, हे मी रोज बघते. ते कमी करायला माझी हरकत नाही. पण वगळायचं काय, हे ठरवताना बाहेर आयुष्यात काय लागतं तेही बघावं. मुलगा पुढे अभियंता होवो किंवा न होवो, घराचा नकाशा त्याच्या हातात एकदा तरी पडणारच. वाटणीचा कागद पडणारच. त्या दिवशी त्याला हे माहीत असायला हवं.

म्हणून मी आता वर्गात परीक्षेत नसलं तरी हे शिकवते. एक तास लागतो. दोन कागद, एक कात्री, एक मोजपट्टी. तुम्ही घरी अर्ध्या तासात शिकवू शकता. आणि एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. नकाशावर नुसतं १:१००० लिहिलेलं असेल, तर ते फक्त मूळ कागदापुरतं खरं असतं. कागद लहान-मोठा झाला की ते खोटं होतं, आणि आजकाल तर नकाशे मोबाइलवर येतात, बोटांनी मोठे होतात. त्यापेक्षा नकाशावर एक रेघ आखून तिच्यावर ‘० ते १०० मीटर’ असं लिहिलेलं असेल, तर ती रेघ नकाशाबरोबरच लहान होते, मोठी होते, आणि कायम खरं बोलते. भूगोलाच्या पुस्तकात तिला रेषाप्रमाण म्हणतात. शाळेत आपण ती दोन गुणांसाठी पाठ करतो. काकांच्या नकाशावर ती एक रेघ असती, तर ताईच्या साखरपुड्याला ते आले असते.

त्या दिवशी ओसरीवर बाबा बराच वेळ नकाशाकडे बघत बसले. मग त्यांनी मोठा कागद मधोमध दुमडला आणि त्यावर झेरॉक्स ठेवली. कडेला कड जुळली. आतून आजीने विचारलं, काय रे, मिळाली का जमीन? कुणी उत्तर दिलं नाही. काका उठले आणि काकूंना म्हणाले, चहा टाक. बाबांनी माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरात माफी मोठ्याने मागत नाहीत. पण ताईच्या लग्नात काका आदल्या आठवड्यापासून येऊन राहिले, आणि मांडवाचं माप घेताना बाबांनी मोजपट्टी त्यांच्याच हातात दिली.

बाबा आता नाहीत. त्यांची कागदपत्रं लावताना मला सापडलं, की त्यानंतर घरातल्या प्रत्येक झेरॉक्सच्या कोपऱ्यात त्यांनी पेनाने एक ओळ लिहिली होती: मूळ प्रतीवरून लहान केलेली, मोजू नये. अगदी लाइट बिलाच्या झेरॉक्सवरसुद्धा.

तुम्हीही तेवढं करा. आज घरी गेल्यावर एक ए-४ कागद घ्या, मुलांना बसवा, मधोमध दुमडा आणि विचारा, क्षेत्रफळ निम्मं झालं, मग बाजू निम्मी झाली का? उत्तर लगेच सांगू नका. त्यांना मोजू द्या.